शेर कुठला, तेल कुठले? : काशीतल्या मराठी घरांच्या पदार्थांच्या वह्या



काशी आणि मराठी माणूस असा विषय निघाला की काही नावे ओघाने येतात. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका १५७३ साली इथे पुरी केली. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यात नारायण भट्ट झाले, आणि त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले, बायजाबाई शिंद्यांनी घाट बांधला. हे सारे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगत राहावे. पण या शतकांत ज्या घरांतून रोज चूल पेटली, सणावाराला पुरण शिजले, श्राद्धाला पाने मांडली गेली, त्या स्वयंपाकघराची हकिगत कोणी लिहून ठेवली? ती बायकांनी लिहिली. पदार्थांच्या वह्यांत लिहिली. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर, पोथीच्या रिकाम्या बंदावर, लेकीच्या सासरी पाठवलेल्या पत्रात लिहिली.

या वह्या आज आपल्या कपाटांत आहेत आणि आपल्याला त्या वाचता येत नाहीत. अक्षर लागते, शब्दही ओळखीचे वाटतात. पण त्याप्रमाणे पदार्थ करायला जावे तर होत नाही. मग आपण म्हणतो, आजीच्या हाताची चव आजीबरोबर गेली. मला हे म्हणणे मान्य नाही. हाताचा भाग असतो, तो मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा आपण वहीतला शब्द आजच्या अर्थाने वाचतो आणि तिथेच फसतो. तो शब्द कोणत्या गावचा, कोणत्या काळचा, हे विचारतच नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या जिनसाचे पुढे काय करायला सांगितले आहे तिकडे आपले लक्ष जात नाही. जिनसाचे नाव अडले तर पुढचे क्रियापद बघा, एवढीच माझी आजची विनंती आहे. बाकीचे व्याख्यान म्हणजे तिचा विस्तार.

पहिली गोष्ट गावाची. काशीतला मराठी माणूस दोन्ही भाषांत वाढला. १८८३ साली या शहरात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेचे आचार्य ठरले. घरात मराठी, गल्लीत बनारसी, ही आपली रोजची रीत. मग वही लिहिणारी बाई कोणत्या भाषेत लिहीत होती? सांगलीहून लग्न होऊन आलेली सून आणि इथल्या दुर्गाघाटावरच जन्मलेली नणंद एकाच वहीत लिहीत असतील, तर एकच शब्द दोघींच्या हातून दोन अर्थांनी उतरतो.

तेलाचेच बघा. महाराष्ट्रातल्या जुन्या घरात गोडे तेल म्हणजे खायचे आणि कडू तेल म्हणजे करंजाचे वगैरे, दिव्यात जाळायचे. कडू तेल कोणी फोडणीला घालत नसे. काशीत ‘कडुआ तेल’ म्हणजे सरसोचे, आणि ते तर इथल्या रोजच्या जेवणातले. आता वहीत लोणच्याच्या कृतीत ‘कडू तेल’ असे आले तर करायचे काय? पुण्याच्या मावशीला विचाराल तर ती घाबरून म्हणेल, छे, चुकून लिहिले असेल, गोडे तेल घाल. पण पुढचे वाक्य वाचा. ‘धूर निघेपर्यंत तापवून गार करावे.’ सरसोच्या तेलाचा उग्र दर्प आणि तिखटपणा मारायला ते असेच तापवतात. क्रियापदाने सांगून टाकले, हे इथलेच तेल आहे. आणि हेही सांगितले की लोणचे मराठी असले तरी ते काशीत रुजले होते.

तसेच पडवळाचे. आपल्याकडे पडवळ म्हणजे सापासारखे लांब. काशीच्या भाजीबाजारात राज्य परवलाचे. नावे जवळची, वेल एकाच कुळातले, म्हणून कित्येक घरांत परवलालाच पडवळ म्हणू लागले. वहीत ‘पडवळाच्या गोल चकत्या करून गाभा काढावा’ असे असेल तर ते लांब पडवळ. ‘अख्खे ठेवून पोटाला चीर द्यावी व मसाला भरावा’ असे असेल तर समोर परवल आहे, यात शंका ठेवू नका.

काही जागी तर नुसत्या नावाने साफ फसगत होते. ‘आदमचीनी’ असे लिहिलेले दिसले की वाटते ही कुठली तरी साखर. तो तांदूळ आहे, चंदौलीकडचा, बारीक आणि वासाचा. २०२३ साली बनारसी लंगडा, रामनगरचे भंटा वांगे आणि बनारसी पान यांच्याबरोबर त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘कालानमक’ हे पादेलोण असू शकते आणि पूर्व उत्तर प्रदेशातला काळ्या तुसाचा सुवासिक तांदूळही असू शकतो. ‘धुऊन निथळत ठेवावे’ असे पुढे असेल तर तो तांदूळच, मीठ कोणी धूत नाही. ‘चिनिया बादाम’ म्हणजे भुईमुगाचे दाणे. उलट ‘बदामफूल’ याचा बदामाशी काही संबंध नाही. ते मसाल्यातले चक्रीफूल, काही घरांत बाद्यान म्हणतात ते. गोड्या मसाल्याच्या कृतीत ‘बदामफूल तोळाभर’ वाचून बदाम भाजून कुटणारी मंडळी मी पाहिली आहेत. आपला राजगिरा तो इथला रामदाना, आपली खसखस ती इथे पोस्तादाना, आपले खोबरे ती इथे गरी. ही मंडळी निरुपद्रवी, एका वस्तूची दोन नावे. कारळे मात्र सांभाळा. कारळ्याची चटणी करायला काळे बी हवे म्हणून कलौंजी, म्हणजे इथले मंगरैल, आणले तर चटणी कडू होते आणि दोष जातो कृतीला. कारळ्याला इकडे रामतिल म्हणतात.

हा नावांचा घोळ आपल्यापासून सुरू झालेला नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, पण जिनसांची ओळख पटावी म्हणून त्यात मराठी नावेही घातली. एवढ्या मोठ्या पंडिताला नुसत्या संस्कृत नावावर भागणार नाही असे वाटले, तर आपण सावध का राहू नये?

आता दुसरी गोष्ट, वजनमापांची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वात जास्त पदार्थ इथे बिघडतात.

शेर म्हणजे किती? सभागृहातले वडीलधारे लगेच म्हणतील, ऐंशी तोळे. बरोबर. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेर ९३३ ग्रॅमचा. पण हा बंगाली शेर, उत्तर हिंदुस्थानात सरकारमान्य झालेला. मुंबईचा मण फक्त २८ पौंडांचा होता आणि त्याचे ४० शेर होत. हिशेब करा, मुंबईचा शेर भरतो सुमारे ३१८ ग्रॅम. एकाच शब्दात तिपटीचा फरक! मुंबईच्या माहेराहून आलेली कृती आणि विश्वेश्वरगंजातल्या वाण्याचा तराजू यांच्यात हा तिपटीचा घोळ उभा आहे. आणि देशावर, कोकणात शेर हे मापही होते. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे मापी शेर धान्याचे, वजनाचे नव्हेत. डाळ मापी शेराने आणि गूळ वजनी शेराने, असे एकाच ओळीत असू शकते.

कृतीतले सगळेच शेरात असेल तर शेर कुठला याने फारसे बिघडत नाही, प्रमाण तेच राहते. घोटाळा होतो तो शेर आणि नाणे एका ओळीत आले की. कारण मसाल्याचे जिन्नस नाण्याने तोलत. रुपयाभार, अधेलीभार, पावलीभार, चवलीभार. १८३५ पासून कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. पावली चार आण्यांची, तिचे वजन २.९ ग्रॅम. चवली दोन आण्यांची, सुमारे दीड ग्रॅम. त्याआधी टांकसाळीगणिक रुपयाचे वजन बदले, आणि खुद्द बनारसला टांकसाळ होती. त्याहून बारीक तोलायचे तर मासा आणि गुंज. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. केशर आणि हिंग गुंजांनी. आजचा रुपया तराजूत टाकून ‘रुपयाभार’ मोजू नका, त्याचे वजन चार ग्रॅमही भरत नाही.

एक ओळ घेऊ. अशा वह्यांत असते तशी : ‘हरभऱ्याची डाळ १॥ शेर, गूळ १। शेर, जायफळ चवलीभार.’ पुरणाची कृती. पहिला प्रश्न, हे दंड कसले? एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तेव्हा १॥ म्हणजे दीड आणि १। म्हणजे सव्वा. मोबाइलवर वही उतरवून घेणारी आजची मुले हे दंड पूर्णविराम समजून गाळतात, नाहीतर एक समजून चिकटवतात. दीड शेराचे एकशे अकरा शेर होतात आणि सव्वाचे अकरा. वही मोडीत असेल तर आणखी जपा. तिथे ऱ्हस्वदीर्घ नाही आणि शब्द सलग लिहिलेले.

दुसरा प्रश्न, शेर कुठला? वहीत सांगितलेले नाही. पण जायफळ सांगते. दीड बंगाली शेर म्हणजे १४०० ग्रॅम डाळ. तीत दीड ग्रॅम जायफळ घातले तर घातल्याचे कोणाला कळणारही नाही. दीड मुंबई शेर म्हणजे पावणेपाचशे ग्रॅम डाळ, आणि तिला दीड ग्रॅम जायफळ अगदी बेताचे. म्हणजे ही कृती मुंबईच्या बाजूची. जायफळाने शेराचा पत्ता दिला! एका जिनसावर दुसरा ताडून बघायचा, यापेक्षा मोठी युक्ती माझ्यापाशी नाही, आणि ती बहुतेक वेळा पुरते.

दशमान वजनांचा कायदा १९५६ चा, वजने आली ती १९५८ च्या ऑक्टोबरपासून, आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. पण सवय कायद्याने जात नाही. साठीच्या दशकातल्या वहीत ‘शेर’ लिहिलेला असला तरी कधी कधी लिहिणारीच्या मनात किलो असतो. पानावर कुठे सन, तिथी, कोणाच्या मुंजीचा उल्लेख असेल तर तो आधी शोधा. घटकाही अशीच, ‘दोन घटका मुरू द्यावे’ म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे.

तिसरी गोष्ट मला सर्वात जिव्हाळ्याची. नाव तेच राहिले, पण वस्तू बदलली. इथे कोश उघडून उपयोग नाही, कारण कोशात शब्द आहेच आणि तो आपल्याला येतोही.

साखर घ्या. ‘साखरेत पाणी घालून पाक करावा, उकळी येताच दूध शिंपडावे, वर येणारी मळी काढून टाकावी.’ हे वाक्य जुन्या वह्यांत घरोघरी सापडते. आज आपण दूध घालतो, कारण आजी घालायची. मळी येते का? फारशी नाही. मग वाटते ही रीत उगाच. ती उगाच नव्हती. उसाचा रस आटवून दाट राब करायची, ती निथळत ठेवायची, तिच्यावर पाण्यातली सिवार म्हणजे शेवाळासारखी वनस्पती पसरायची, तिच्या ओलाव्याने काकवी हळूहळू खाली उतरायची आणि वरचा थर पांढरा व्हायचा. अशी ही इथली खांड. तिच्यात उसाचा कस राही आणि मळही राही. कढईत पाक उकळू लागला की दुधातली प्रथिने गोठत, मळाला धरून वर येत, आणि झाऱ्याने ती करडी साय उचलून टाकली की खाली पाक काचेसारखा दिसे. १९३२ साली साखरधंद्याला सरकारी संरक्षण मिळाले, त्यानंतर उत्तर प्रदेशात आणि बिहारात साखर कारखाने भराभर उभे राहिले, आणि स्वच्छ दाणेदार साखर वाण्याकडे आली. मळी गेली, तिच्याबरोबर एक मंद काकवीचा स्वादही गेला. म्हणून जुन्या कृतीचे अनारसे, जुन्या कृतीचा गुलकंद आजच्या साखरेने नुसता गोड लागतो. खांडसरी साखर अजून मिळते. ती आणा, दूध शिंपडा, मळी काढा. मग ते वाक्य तुमच्याशी बोलेल.

सपीट घ्या. आज आपण बेधडक मैदा वाचतो. सपिटासाठी गहू ओलवून ठेवत, जात्यावर दळत, आणि पीठ कापडातून गाळत. त्यात गव्हाचा गोडवा असे. गिरणीच्या मैद्यात तो नाही. आणि गहूही तो नाही. साठीच्या दशकात बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या जाती आल्या आणि घरोघरचे जुने गहू मागे पडले. खपली मात्र सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अजून पिकते. आणि हो, ‘एक रवा गूळ’ असे दिसले तर तिथे सांज्याचा रवा घेऊ नका. गुळाच्या ढेपेलाही रवा म्हणतात, कोल्हापूरच्या बाजारात आजही.

साबुदाणा? आज तो टॅपिओकाचा. सेलमकडे हा धंदा उभा राहिला तो १९४० च्या दशकात. त्याआधीचा साबुदाणा समुद्रापलीकडून येई, सागो ताडाच्या गाभ्याचा. तेव्हा १९२० च्या वहीत ‘रात्रभर भिजवावा’ असे असले तर आजच्या साबुदाण्याचा लगदा करून घेऊ नका. तूप? १९३७ साली डालडा आला. त्यापूर्वी नुसते ‘तूप’ लिहिले की पुरे होई. नंतरच्या वह्यांत ‘साजूक तूप’ असे मुद्दाम लिहिलेले दिसते, कारण नुसत्या तुपावरचा विश्वास उडाला होता. मिरचीबद्दल थोडक्यात सांगतो. ती पोर्तुगीजांबरोबर आली, त्याआधी तिखटाची बाजू मिरे आणि पिंपळी सांभाळत. आजही कित्येक घरांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरेच चालतात. म्हणून माझे असे मत झाले आहे की वहीत सर्वात जुनी पाने शोधायची तर श्राद्धाची पाने शोधावीत. तिथे नवे जिन्नस उशिरा शिरतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. या वह्यांत पदार्थांच्या शेजारीच औषधे असतात. वरती लाडू, खाली लेप. औषधांच्या पानावर ‘मुर्दाडशिंग’ असेल तर ते शिशाचे विष आहे. जुने आहे, आजीचे आहे, म्हणून ते करून पाहू नका. आधी पानाचा मथळा वाचा.

मग हे सारे करायचे कसे? पुस्तकांची मदत घ्या. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात जुनी मापे, धान्ये, तेले भरपूर आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले, ते वहीशेजारी ठेवून वाचा. पण पुस्तकाआधी माणसे. इथल्या गोला दीनानाथ बाजारात अजून असे पंसारी आहेत ज्यांना चार भाषांतली नावे पाठ आहेत. त्यांच्याकडे शब्द घेऊन जाऊ नका, जिन्नस घेऊन जा. डब्याच्या तळाशी राहिलेली चिमूटभर वस्तू कागदात बांधून न्या आणि विचारा, याला काय म्हणता? आणि घरात ऐंशी-नव्वदीच्या आजी असतील तर त्यांना ‘कृती सांगा’ असे विचारू नका, त्या म्हणतील, त्यात काय सांगायचे. त्यांना विचारा, हे कोणत्या भांड्याने घेत होतात? कोणाकडून आणत होतात? धुवायला लागायचे का, निवडायला लागायचे का?

वही उतरवून घेताना सुधारू नका. हात जोडून सांगतो, सुधारू नका. ‘कडू तेल’ खोडून ‘गोडे तेल’ लिहिले की एक घर महाराष्ट्रातून काशीत कसे मुरले याचा पुरावा खोडला गेला. ‘चवलीभार’ खोडून ‘पाव चमचा’ लिहिले की शेर ओळखायची खूण गेली. डाव्या पानावर जसेच्या तसे, दंडासकट, चुकांसकट. उजव्या पानावर तुमचा अर्थ, तो कशावरून लावला ते, आणि तारीख. अर्थ उद्या कोणी दुरुस्त करील. मूळच गेले तर दुरुस्ती कशाची करणार?

उद्या दुपारी आपण याच सभागृहात घराघरांतल्या वह्या पाहायला बसणार आहोत. ज्यांना आणता येतील त्यांनी आणाव्यात. वही कोणाला द्यायची नाही, इथे समोर बसून छायाचित्रे घेऊ आणि लगेच परत करू. वहीबरोबर घरातले जुने मापटे, चिपटे, पळी, आजीची ठरलेली वाटी असेल तर तीही आणा. काठोकाठ पाणी भरून ती इथल्या काट्यावर ठेवू. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर तिचे माप. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, कारण त्या घरच्या सगळ्या कृती त्याच वाटीने लिहिलेल्या आहेत.